डब्यांची सोयरीक

इंद्रभानभाऊंना मी पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं ते एका शालीवरून. तोपर्यंत माझी समजूत होती की या माणसाला राग येतच नाही. केबलवाल्याला तो परवडतही नाही म्हणा. वारा सुटला की वायर तुटणार, वायर तुटली की शिव्या केबलवाल्याला. वीज गेली तरी लोक त्यालाच फोन लावतात, आणि तो बिचारा "पाहतो" म्हणतो. अमडापुरातल्या निम्म्या गच्च्या, दोन-तीन कडुलिंब आणि एक पडका हौद यांच्यावरून त्यांची वायर गेलेली आहे. गावात कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय हे त्यांना पाठ आहे, पण कधी कोणाचं काही बोलले नाहीत.

मी संजीवनी. त्यांच्या घराला लागून माझं घर. त्यांचं एक गावापुरतं चॅनल आहे, त्यावर दुपारी मी सूचना वाचते. आज कोणत्या वॉर्डात नळ येणार, कोणाची शेळी हरवली, कोणाच्या घरी तेरवी. मी बी.एड. आहे. त्या शिक्षणाचा सरकारला काही उपयोग करून घेता आला नाही, पण हरवलेल्या म्हशीचं वर्णन माझ्याइतकं शुद्ध जिल्ह्यात कोणी वाचत नसेल. माझा स्वभाव थोडा फटकळ आहे असं लोक म्हणतात. थोडा नाही, चांगलाच आहे.

तर केबल इंद्रभानभाऊंची, वायर त्यांची, खांबावरून पडून पाय मोडला तोही त्यांचाच. पण टीव्ही दिसायला जो डबा लागतो, सेट टॉप बॉक्स, तो यायचा वडनेर भोलजीच्या अर्जुनरावांकडून. अर्जुनराव कुठून कुठून जुने डबे आणायचे, आपल्या एका मशीनला जोडून चालते करायचे आणि आसपासच्या केबलवाल्यांना पुरवायचे. इथवर ठीक. पण डबा चालता करताना त्यांनी त्यात स्वतःचा फोटो भरून ठेवलेला. टीव्ही लावला की आधी गुलाबी फेटा, मग झुबकेदार मिशा, मग जोडलेले हात, आणि खाली 'अर्जुनराव आपले स्वागत करत आहेत'. मागे सनई. सनई संपल्याशिवाय बातम्या नाहीत, मालिका नाही, काही नाही. रोज सकाळी गावातलं प्रत्येक घर आधी अर्जुनरावांचं दर्शन घ्यायचं.

परिणाम व्हायचा तोच झाला. शाळकरी पोरं, नव्या सुना, बदलून आलेले मास्तर, सगळे केबल अर्जुनरावांचीच समजू लागले. इंद्रभानभाऊ वर्गणीला दारात उभे राहिले की आतून आवाज यायचा, "आई वं, अर्जुनरावचा मानूस आला." हे ते हसून सोडून द्यायचे.

मग गेल्या गणपतीत मंडळाने गावाची सेवा करणाऱ्यांचा सत्कार ठेवला. इंद्रभानभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. माइकवर नाव पुकारलं, "आपल्या सर्वांच्या घराघरात पोचलेले, केबलचे मालक, माननीय अर्जुनराव." भाऊ तोवर अर्धे उठले होते. आता पूर्ण उठावं की परत बसावं हे न कळून ते तसेच वाकलेले राहिले. मंडळाच्या अध्यक्षाला चूक कळली, पण त्याने तोडगा असा काढला की ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणाला, "इंद्रभानभाऊ, तुमी तं वडनेरले जातच असता. जाता जाता हे त्याईले देऊन द्या." आणि शाल-नारळ त्यांच्या हातात दिला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

शाल ठेवून घ्यावी, असं त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं स्वच्छ मत पडलं. पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी उंद्री, खामगाव, नांदुरा करत ते वडनेरला गेले.

अर्जुनरावांचं दुकान घराच्या ओसरीवरच होतं, आणि तिथे एक रीत होती. खुर्ची एकच, आणि ती त्यांची. केबलवाल्यांनी दाराजवळ, चपला काढतात तिथे, एका पालथ्या खोक्यावर बसायचं. बसलं की अर्जुनराव म्हणायचे, "बसा, चहा येऊन राह्यला." चहा कधी यायचा नाही. इतक्या वर्षांत एकदाही आला नाही का, असं मी भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, "एकदा आलता. पन तो त्याईच्यासाठी होता." त्या दिवशी अर्जुनरावांनी शाल खांद्यावर टाकून आरशात पाहिली, नारळ आत पाठवला आणि म्हणाले, "गाव गुनी आहे तुमचं. बसा, चहा येऊन राह्यला."

परत आल्यावर भाऊ थेट माझ्या ओट्यावर. म्हणाले, "संजीवनी, केबलचा मालक मी आहे का नाही?"

म्हटलं, "आहात नं."

"मंग माह्या गावात लोकाईले माहं तोंड काऊन दिसत नाही?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला बघवलं नाही. अर्जुनरावांचा मला असा संताप आला की त्या दिवशी सूचना वाचताना मी एका शेळीचा रंग चुकीचा सांगितला.

पुढे थंडीत कधीतरी सलूनमध्ये दाढी करताना त्यांना एक बातमी दिसली. बाहेरच्या कोणत्या तरी देशात पैसे घेऊन टीव्ही दाखवणारी एक मोठी कंपनी होती. तिने तिला डबे पुरवणारी कंपनीच विकत घेऊन टाकली होती. अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून ते घरी आले. कौशल्याबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या.

"आपन अर्जुनरावलेच घेऊन टाकू," भाऊ म्हणाले.

"ठेवाचं कुठं त्याईले?" कौशल्याबाईंनी सुपातून मान न काढता विचारलं.

मग सगळं समजावून झालं. अर्जुनरावांचे दोन्ही मुलगे पुण्याला, दुकान कोणालाच नको, त्यांचेही डोळे आता बारीक कामाला साथ देत नव्हते. म्हणजे देतील ते. प्रश्न एवढाच की कंपनी घेतात कशी, हे अमडापुरात कोणाला ठाऊक नव्हतं. दोन गावांतली दोन घरं जोडून देणारा एकच माणूस आम्हाला माहीत, तो म्हणजे उत्तमराव. उत्तमराव सोयरिकी जुळवतात. घाटावरच्या आणि घाटाखालच्या किती घरांत त्यांनी मांडव घातले याची गणती नाही. इंद्रभानभाऊंचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "पोरगी कितीची?"

"पोरगी नाही हो, मशीन आहे. डब्याची."

"तेच ते," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी टोपी घातली.

बोलणी करायला आम्ही पाचसहा जण वडनेरला गेलो. मला नेलं ते शिकलेली म्हणून. तिथे सरबत आलं, पोहे आले, चहा तेवढा आला नाही. पैशाचं चटकन जमलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. उत्तमरावांनी आपल्या सवयीने विचारलं, "आता पोराकडचे कोन आन पोरीकडचे कोन ते एकदा ठरवून घ्या, म्हंजे मले पुढचं बोलता येते."

इंद्रभानभाऊ म्हणाले, "नेनारा मी. म्हंजे पोराकडचा मी."

अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "असं कसं? तुमची वायर येते कुठं? माह्या डब्यात. डबा काई वायरीत जात नाही. येनारी ते सून. म्हंजे पोरगी तुमची, घर माहं."

ही गोष्ट बिनतोड होती. उत्तमरावही विचारात पडले. पण इंद्रभानभाऊ हटायला तयार नव्हते. उभा जन्म खोक्यावर बसून काढलेला माणूस तो, आज पहिल्यांदा ताठ बसला होता. पोरीकडचं व्हायचं म्हणजे पुन्हा वाकायचं, मानपान करायचे, हात जोडून दारात उभं राहायचं. ते म्हणाले, "पोराकडचा असन तं सौदा, नाही तं ठेवा तुमचे डबे." अर्जुनराव म्हणाले, ठेवतो. दोघंही दोन दिशांना तोंडं करून बसले. व्यवहार मोडतोय आणि तो एका मशीनला स्त्री म्हणावं की पुरुष यावरून मोडतोय, हे बघून मला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात आतून केसरबाई आल्या. अर्जुनरावांच्या बायको. इतका वेळ दाराआडून ऐकत होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "होऊ द्या हो त्याईच्या मनासारखं. आपल्याले पोरगी नाही. एक लेक वाटे लावाची लय हौस होती माह्यी. दोन्ही पोट्टेच झाले."

अर्जुनराव मशीन ठेवलेल्या खोलीकडे बघत राहिले आणि मग मानेने हो म्हणाले. मला त्या क्षणी त्यांची पहिल्यांदा दया आली. ती फार वेळ टिकली नाही, पण आली.

अक्षय तृतीयेला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पाट मांडला, सुपारी फोडली, आणि उत्तमराव म्हणाले, "नवरदेवाले बसवा." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. इंद्रभानभाऊंचा हिशेब असा की ते मुलाचे बाप, अर्जुनरावांचे व्याही, बरोबरीचे. नवरदेव म्हणजे केबल. पण उत्तमराव म्हणाले, "टिळा कुठं लावाचा? वायरले कपाय असते का?" कपाळ लागणारच होतं. भाऊंनी कौशल्याबाईंकडे पाहिलं.

कौशल्याबाई म्हणाल्या, "बसा तुमीच. मी कोन्ती आडवी येऊन राह्यली. फक्त तिले सैपाक येत असन तं आंधी सांगा."

असे बावन्न वर्षांचे इंद्रभानभाऊ पाटावर बसले. टिळा लागला, टोपी आली, शेला आला. उत्तमराव म्हणाले, मामाजींच्या, म्हणजे सासऱ्याच्या, पाया पडा. टिळ्याच्या भरात भाऊ टोपी काढून अर्जुनरावांच्या पाया पडले आणि केसरबाईंनी मोबाइलवर फोटो काढला. व्याह्याचा जावई कधी झाला, हे त्या माणसाला कळलंच नाही.

मग पाठवणी. मशीन म्हणजे एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली वायरींनी भरलेली पेटी. केसरबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं, पुढ्यात खण-नारळ ठेवला, वरून नवी चादर पांघरली. टेम्पो सुरू झाला आणि अर्जुनराव रडायला लागले. खोटं नाही, हुंदके देऊन. टेम्पोच्या फळीला धरून म्हणाले, "तिले उनात ठेवू नका. सकाळी लवकर उठत नाही ती, दोनदा बटन दाबा लागते. मी येतो आठ दिवस, सारं शिकवून देतो तुमाले."

इंद्रभानभाऊंच्या कपाळावर टिळा होता, डोक्यावर टोपी होती. अंगावर मूठभर मांस चढलेलं. म्हणाले, "काई गरज नाही. आता आमच्या घरी आली, आमच्या रीतीनं राहीन."

मी मनात म्हटलं, झालं.

अमडापूरला आल्यावर भाऊ आधी चिखलीला जाऊन फोटो काढून आले. भगवा फेटा, जोडलेले हात. मिशी त्यांना नाही, म्हणून फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर थोडी लावून दिली. मशीन त्यांच्या खोलीत मांडलं, केबलच्या लाइनला जोडलं. आता डबे एकेक आणायची गरज नव्हती, बटण दाबलं की फोटो वायरीतून घरोघरी जाणार होता. मला खास बोलावून घेतलं. मग त्यांनी बटण दाबलं.

सकाळी गावाने टीव्ही लावले. भगवा फेटा, मिशी, जोडलेले हात, 'इंद्रभान आपले स्वागत करत आहेत', सनई. लोकांचे फोन सुरू झाले. भाऊ, लय भारी. भाऊ, मिशी शोभते. भाऊ प्रत्येकाला "तुमचाच आशीर्वाद" म्हणत होते. कौशल्याबाईंनी शिरा केला होता.

सनई संपली आणि परत सुरू झाली. फोटो तसाच. लोकांनी बटणं दाबून पाहिली, डबे बंद करून लावले, डब्यावर थापट्या मारल्या. इंद्रभानभाऊ हलेनात. बातम्यांच्या जागी इंद्रभान, कीर्तनाच्या जागी इंद्रभान, क्रिकेटच्या जागी इंद्रभान, सगळीकडे हात जोडून. मशीन दोनदा बटण दाबल्यावर उठलं, पण मग काही ऐकेना.

पहिला दिवस लोकांनी हसून काढला. दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. गिरणीत, सलूनमध्ये, भज्यांच्या हॉटेलात जिकडे बघावं तिकडे भाऊ. त्यांच्या धाकट्या भावाची बायको तर पार अडचणीत आली. ती भासऱ्यासमोर कधी बसत नाही, पदर डोक्यावरून घेते. आता भासरे दिवसभर टीव्हीत. बिचारी घरात पदर सावरत उभीच. शेवटी तिने टीव्हीवर टॉवेल टाकला, तर आतून सनई चालूच. गावात समाधानी असा एकच म्हातारा मला भेटला. तो म्हणाला, बातम्यांपेक्षा हे बरं, निदान हा माणूस ओरडत तरी नाही.

कौशल्याबाई म्हणाल्या, "घरात एक, टीव्हीत एक. दोघाईचाही उपयोग नाही."

तिसऱ्या दिवशी गाव दारात आलं. भांडायला नाही, विनंती करायला. सर्वांच्या वतीने मंडळाचा तोच अध्यक्ष बोलला, "भाऊ, तुमी दिसले. लय झ्याक दिसले. आता जा." मागून कोणी तरी सांगितलं की पलीकडच्या गल्लीत दोन घरांवर छत्र्या बसल्या. छत्री म्हणजे डिश. एकदा छत्री बसली की ते घर केबलवाल्याचं राहत नाही. हे ऐकून भाऊंचा चेहरा उतरला. टीव्हीतला तेवढा हसरा होता.

त्यांनी माझ्यासमोर अर्जुनरावांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"या हो तुमी. मशीन ऐकून नाही राह्यली."

"मी कसा येऊ?" अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "आमच्यात लेकीच्या घरचं पानी पेत नाही, तिले लेकरू होईस्तोवर."

"मंग पानी पिऊ नका. पन या."

"एवढ्या उनात पानी न पेता येऊ का? जीव जाईन माह्या."

"मशीनले लेकरू कसं होईन हो?"

"ते आता तुमचं तुमी पाहा, जवाई."

जवाई हा शब्द त्या फोनमधून बाहेर पडला तेव्हा कुठे भाऊंना आपलं नातं कळलं. पोराकडचं होण्यासाठी एवढे भांडले, आणि पोराकडचे झाल्याचं फळ हे असं पदरात पडलं. मला वाटलं अर्जुनराव सूड घेतायत. तसं मी बोललेही, जरा मोठ्याने. पण फोनमध्ये मागून केसरबाईंचा आवाज येत होता, "कशी आहे म्हना ती, बरी आहे का?" ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांनी ते मशीन खरंच लेकीसारखं वाटे लावलं होतं.

फोन ठेवल्यावर खोलीत बसलेले सगळे पुरुष छताकडे बघत होते. उत्तमरावांना बोलावलं होतं, तेही बघत होते. कौशल्याबाई चहाचे कप गोळा करायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बाप लेकीकडं येत नसन, तं लेक मायेरी जात नाही का? घेऊन जा तिले."

एवढं साधं होतं ते. चादर पुन्हा पांघरली, पेढे घेतले, टेम्पो पुन्हा वडनेरला. केसरबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. चादर काढून मशीन पाहिलं आणि त्यांचा जीव हळहळला. "किती वाळली हो. रंग पाहा कसा उतरला." रंग उतरला नव्हता, धूळ बसली होती. इंद्रभानभाऊ सवयीने दाराजवळ खोक्यावर बसायला गेले, तर खोकं जागेवर नव्हतं. विचारायची सोय नाही, म्हणून उभेच राहिले. अर्जुनराव मशीन घेऊन आत गेले आणि म्हणाले, "उद्या न्याले या."

दुसऱ्या दिवशी मशीन परत आलं, सोबत शेवया-कुरड्यांची शिदोरी. अर्जुनरावांचा निरोप होता की एकच बटण दाबायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. फोटो त्यांनी नवा टाकला होता. कोणता, विचारल्यावर "चांगला आहे" एवढंच म्हणाले होते.

बटण दाबलं. भगवा फेटा गेला. सनई वाजली आणि पडद्यावर अर्जुनराव आले, गुलाबी फेट्यात, एक हात आशीर्वादाचा. त्या हाताखाली एक रुंद पाठ आणि मधोमध टक्कल. साक्षगंधाचा तो पाया पडतानाचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'अर्जुनराव व जावई आपले स्वागत करत आहेत'. सनई संपली आणि बातम्या लागल्या. गल्लीतून लोकांचा आनंदाचा गलका ऐकू आला.

भाऊ पडद्याजवळ गेले. "माहं तोंड कुठं आहे?"

"पायावर आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मशीनला पुन्हा हात लावायची हिंमत कोणात नव्हती, भाऊंच्यात तर नव्हतीच. आता रोज सकाळी गावातलं प्रत्येक घर त्यांचं टक्कल बघून दिवस सुरू करतं. टक्कल सगळ्यांनी ओळखलं, तेवढं बरं झालं. वर्गणीला गेले की आतून आवाज येतो, "आई वं, अर्जुनरावचा जवाई आला." मला फार वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला, मालक झाले, आणि हाती काय लागलं तर 'अर्जुनरावचा माणूस' होता त्याचा 'अर्जुनरावचा जावई' झाला. छत्र्या लावलेली दोन्ही घरं परत आली तरी भाऊ हसले नाहीत.

मग अधिक महिना लागला आणि वडनेरहून फोन आला. जावयाने धोंड्याच्या जेवणाला यावं. भाऊ म्हणाले, मी जात नाही, मेलो तरी नाही. कौशल्याबाई म्हणाल्या, "अनारसे सोडता का? मी तं चालली." त्या निघाल्यावर भाऊ निघाले. गाडीत जागा होती म्हणून मीही गेले, आणि खरं सांगायचं तर काय होतंय ते बघायला गेले.

माजघरात पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी, तांब्याच्या ताटात अनारशांची चळत, वर दिवा. कौशल्याबाईंना केसरबाईंनी शेजारच्या पाटावर बसवलं. म्हणाल्या, "ती काई कामातून येऊ शकत नाही. तिच्या जागी तू बस, तूच माह्यी लेक." आणि लुगडं हातात दिलं. कौशल्याबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच काही उलट उत्तर आलं नाही. डोळे पुसत बसल्या.

मग अर्जुनराव परात आणि तांब्या घेऊन आले. मला वाटलं, हात धुवायला असेल. ते इंद्रभानभाऊंच्या समोर खाली बसले. फेटा काढून बाजूला ठेवला. डोक्याला मधोमध टक्कल, अगदी भाऊंसारखंच. इतकी वर्षं फेट्याखाली दिसलं नव्हतं. त्यांनी भाऊंचे पाय परातीत घेतले आणि धुवायला लागले. आधी एक, मग दुसरा, बोटांच्या मधून, रीतीप्रमाणे. भाऊ अवघडून पाय मागे घ्यायला लागले तर म्हणाले, "राहू द्या जवाई, हलू नका." खांबावरून पडून मोडलेला पाय त्यांनी हलक्या हाताने धुतला. विचारलं, "हाच का तो?" भाऊंनी मान हलवली. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. अर्जुनरावांची वाकलेली पाठ, टक्कल, आणि वर इंद्रभानभाऊंचं तोंड, पूर्ण, समोरून.

जेवण झालं. पुरणाचे धोंडे, तूप, अनारसे. ओसरीवर खुर्च्या आता दोन होत्या, एक कोरी करकरीत. त्या नव्या खुर्चीकडे बोट दाखवून अर्जुनराव म्हणाले, "बसा, चहा येऊन राह्यला."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आणि चहा आला. अर्जुनराव स्वतः दोन्ही हातांनी कपबशी धरून घेऊन आले, भाऊंच्या हातात दिली आणि पान आणायला आत वळले.

मी पटकन मोबाइल पुढे केला. हळूच म्हटलं, "भाऊ, हा फोटो टाका मशीनमध्ये. त्यांच्याच घरच्या फोटोनं त्यांची जिरेल. तोंडही दिसते तुमचं."

इंद्रभानभाऊंनी फोटो पाहिला. बोटांनी मोठा करून पाहिला. फार वेळ पाहिला. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"नको," म्हणाले. "हे घरातलं आहे. घरातलं कोनी टीव्हीवर दाखवते का?"

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि थांबले. गडबडीत साखर घालायची राहिली असावी. मला वाटलं, आता गप्प बसून पितील. खोक्यावरचा माणूस तसाच प्यायला असता, आणि उपकार मानून प्यायला असता. पण त्यांनी कप खाली ठेवला, खुर्चीत नीट मागे रेलले आणि आतल्या दाराकडे तोंड करून, सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"मामाजी, साखर राह्यली."

साखर आली.